स्टेशन नसलेल्या गावचं कॉलेज

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी पोलादाच्या कारखान्यावर लिहितंच. पहिली भट्टी कशी पेटली, रशियन साहेबाला मिरचीची भजी कशी झोंबली, हे सारं छापून झालं आहे. यंदा अंकाच्या संपादक बाई हुडको कॉलनीत माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही इंजिनावरचं लिहा." मी म्हटलं, इंजिनावर मी कोळसा टाकला. फावड्यानं उचलायचा आणि आत टाकायचा, त्यात लिहायचं काय? लिहायचंच तर मी पोरांसाठी कॉलेजं शोधली, ते लिहीन. बाई हसल्या. मी चौथी शिकलेला माणूस आहे, हे त्यांना ठाऊक आहे. त्या हसल्या म्हणूनच लिहायला बसलो. शुद्धलेखन माझ्या नातीनं पाहिलं आहे. मजकुराला मात्र तिला हात लावू दिला नाही.

मी भंडाऱ्याकडचा. रेल्वेत फायरमन होतो आणि इकडे कारखाना उभा राहायला लागला तेव्हा बदलीवर दुर्गजवळच्या चरोद्याला आलो. तेव्हा हा सारा मुलूख धुळीचा होता. लाल धूळ सकाळी झाडली की दुपारी पुन्हा तितकीच. कारखान्याचं सामान, दगड, कोळसा घेऊन मालगाड्या येतच राहायच्या आणि यार्डात जागा नसली की मागे रांगेनं उभ्या. रेल्वेच्या क्वार्टरांत आमची नागपूर-भंडाऱ्याकडची बरीच घरं होती. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी.

त्या घरांतली पोरं एकेक करून मॅट्रिक होऊ लागली. ज्याला फर्स्ट डिव्हिजन मिळाली त्याचे पेढे साऱ्या लाइनीत वाटले जात आणि तो नागपूर नाहीतर रायपूरला मोठ्या कॉलेजात जाई. जो नापास झाला त्याला बापाचा मार आणि पुन्हा परीक्षा. ही दोन्ही पोरं साऱ्यांना दिसायची. मधलं पोरगं कोणाला दिसत नसे. थर्ड डिव्हिजनमध्ये पास झालेलं. त्याला पेढेही नाहीत आणि मारही नाही. मोठी कॉलेजं त्याचा अर्ज बाजूला ठेवत. बाप म्हणे, "जाऊ दे, कारखाना घेऊनच राहिला आहे सगळ्यांना, चिकटवू त्याला." आणि खरंच कारखाना घेत होता. त्यात वाईट काही नव्हतं, माझीही भाकरी त्याच्याच मालगाड्यांवर होती. पण ज्याला शिकायचं आहे त्याला निदान विचारावं तरी, एवढंच माझं म्हणणं. मला कोणी विचारलं नव्हतं.

आता हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगतो. मालगाडी घेऊन आम्ही डोंगरगडला, गोंदियाला नाहीतर बिलासपूरला पोचलो की इंजिन तिथल्या लोकांच्या ताब्यात द्यायचं आणि परतीची गाडी मिळेपर्यंत रनिंग रूममध्ये थांबायचं. रनिंग रूम म्हणजे रेल्वेनं ड्रायव्हर-फायरमनसाठी बांधलेली धर्मशाळाच म्हणा. खाटा असतात, स्वयंपाकी असतो. शिधा आपण न्यायचा, तो शिजवून देतो. बाकीचे जेवून घोरायचे, नाहीतर पत्ते कुटायचे. मला दिवसा झोप येत नाही आणि पत्त्यांत मी हरतो. म्हणून मी गावात फिरायला निघायचो. हे शेजाऱ्यांना माहीत होतं. एक दिवस शेजारच्या क्वार्टरातला, रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणाला, "कवडू, तू फिरूनच राहते त जरा पाहून ये ना, तिकडचं कॉलेज माह्या पोट्ट्याले घेते का."

मी आपला इंजिनावरून उतरलो तसाच गेलो. तोंड काळं, डोक्याला फडकं. कॉलेजच्या बाबूनं वर न पाहता सांगितलं, "कोयला पीछे के दरवाज़े से." त्यानंतर मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून जाऊ लागलो. कपडे पालटले की तोच बाबू "बैठिए" म्हणतो, हेही पाहिलं.

हळूहळू मला काही गोष्टी कळू लागल्या. कॉलेज पाहायचं तर प्रिन्सिपलच्या खोलीपासून सुरुवात करू नये. तिथे सगळीकडे सारख्याच तसबिरी असतात. इमारतीच्या मागे जावं. सायन्सचं कॉलेज असेल आणि मागच्या उकिरड्यावर फुटक्या काचनळ्या दिसल्या तर समजावं, इथे पोरांच्या हातात नळी देतात. सगळ्या नळ्या कपाटात चकचकीत आणि कपाटाला कुलूप, तर तिथे नुसतं पाहुण्यांना दाखवतात. दुसरी खूण तर आमच्या रेल्वेच्या घरचीच. दुपारच्या पॅसेंजरला मी मुद्दाम स्टेशनावर उभा राहायचो. कॉलेजचे मास्तर छत्री आणि पिशवी घेऊन त्या पॅसेंजरसाठी उभे दिसले की मी ते कॉलेज मनातून काढून टाकायचो. जो मास्तर दुपारी आपल्या गावी परत जातो, त्याला आपलं मधलं पोरगं कधी भेटणार? पहिल्या नंबरचं पोरगं त्याला वर्गात भेटतं. मधलं पोरगं हजार वेळा घुटमळून संध्याकाळी मास्तरच्या दारात जातं.

म्हणून नवी, लहान कॉलेजं मला आवडायची. त्यांना पोरं हवी असायची. मास्तरही नवे, बिनलग्नाचे, गावातच खोली घेऊन राहणारे. त्यांना प्रत्येक पोराचं नाव पाठ. अशा ठिकाणी आमची दोन-चार पोरं गेली, टिकली आणि मग माझं नाव झालं. सुट्टीच्या दिवशी दारात माणसं येऊन बसू लागली. बायको म्हणायची, "वैद्य बी बरा, निदान त्याले फी भेटते."

येणारेही एकेक असत. कारखान्याच्या ऑफिसातले एक बाबू होते, अमरावतीकडचे. पोराची मार्कशीट आणलीच नाही, पत्रिका आणली. म्हणाले, "ज्योतिष्यानं सांगितलं आहे, विद्या पूर्व दिशेला आहे. पश्चिमेचं कॉलेज दाखवू नका." मी म्हटलं, "बिलासपूर पूर्वेला आहे." ते म्हणाले, "फार लांब नको, त्याच्या आईला करमणार नाही." मी विचारलं, "मग रायपूर?" "तिथे मार्क जास्त मागतात." मी म्हटलं, "बाबूजी, मग एकच उरलं. आमच्या क्वार्टराच्या पूर्वेला यार्ड आहे, तिथे घाला." रागावून गेले. पुढच्या आठवड्यात मार्कशीट घेऊन आले. पोरगं बिलासपूरला गेलं आणि आईला करमलंही.

पण मला सांगायचं आहे ते विमलचं.

विमल ही लांजेवारभाऊंची मुलगी. लांजेवारभाऊ ड्रायव्हर आणि मी त्यांच्या इंजिनावरचा फायरमन. इंजिनावर ड्रायव्हर म्हणजे मोठा भाऊ आणि बाप, दोन्ही. त्यांचा हात वाफ सोडणाऱ्या रेग्युलेटरवर आणि माझा फावड्यावर. माणूस सरळ, कामात पक्का, रागीट. विमलला मॅट्रिकला थर्ड डिव्हिजन मिळाली. त्याआधीच तुमसरहून तिला मागणी आली होती. ठवकर नावाचं घराणं, धानाचा धंदा. माणसं चांगली होती, त्यांच्याबद्दल वाकडं बोलण्यासारखं काही नाही. पण विमलला शिकायचं होतं. ती क्वार्टरासमोर लिंबाखाली लाइनीतली लहान पोरं गोळा करून शाळा घेत असे. शाळेत हिंदीतून शिकवलेलं ज्यांना समजत नसे, त्यांना ही मराठीतून समजावून सांगे. तिला मास्तरीण व्हायचं होतं.

लांजेवारभाऊंनी एक दिवस गाडी चालवता चालवता मला सांगून टाकलं, "हे पाय कवडू, कॉलेजांची भरती बंद होयाच्या आत तू जागा शोधली त शिकू दे तिले. नाई शोधली त मी तुमसरले हो म्हनतो. मंग माह्यासंग हुज्जत घालायची नाई."

मी म्हटलं, "शोधतो."

आणि शोधू लागलो तर साऱ्या लाइनीवर जागा नाही. दुर्गला भरलेलं. रायपूरला मार्क पाहूनच मान हलवली. गोंदियाला घेतलं असतं, पण गोंदिया, नागपूर, भंडारा आता वेगळ्या राज्यात गेले होते. तिथला बाबू म्हणे, तुम्ही आता त्या राज्याचे, आधी आमची मुलं. आम्ही जिथले होतो तिथलेच राहिलो नव्हतो. शिवाय मुलींना राहायला कुठेच सोय नाही. पोरगा असता तर कुठल्याही खोलीत चार पोरांत घुसवला असता.

डोंगरगडच्या रनिंग रूममध्ये समारू नावाचा स्वयंपाकी होता. माझं तोंड पाहून त्यानं भात वाढता वाढता विचारलं, "का होगे भैया?" मी सांगितलं. तो म्हणाला, "हमर कोती एक कालेज खुले हे. मालगुजार अपन धान के कोठार दे दिस. गुरुजी मन घर-घर जाके लइका मांगथें."

म्हणजे गावच्या जमीनदारानं दिलेल्या धानाच्या कोठारात कॉलेज उघडलं आहे आणि मास्तर घरोघरी फिरून मुलं मागताहेत. माझ्यासारख्या माणसाला याहून चांगली बातमी कोणती? पण मी काय विचारलं? "कौन सा स्टेशन?"

"टेसन नइ हे, भैया. बस जाथे."

"तो फिर छोड़," मी म्हटलं आणि जेवू लागलो.

हे वाचून बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. पण रेल्वेच्या माणसाचं असंच असतं. आमच्या लेखी देश म्हणजे रूळ. रुळाला लागून जे गाव आहे ते गाव. त्याच्या पलीकडे जे काही आहे ते जंगल, मग तिथे राजवाडा का असेना. लग्न जुळवताना आधी स्टेशन विचारतो, मग गोत्र. रेल्वेच्या फुकट पासवर जाता येत नाही तिथे आमचे नातलगसुद्धा नसतात. मी इतकी वर्षं कॉलेजं पाहत फिरलो, पण पायी परत येता येणार नाही इतका स्टेशनापासून दूर एकदाही गेलो नव्हतो.

लाइनीवरचं शेवटचं कॉलेजही नाही म्हणालं, तेव्हा मला समारूचं बोलणं आठवलं. पुन्हा डोंगरगडला गेलो तेव्हा त्याच्याकडून गावाचं नाव, बसचा ठिकाणा, सारं विचारून घेतलं. तो म्हणाला, प्रिन्सिपल भला माणूस आहे, घरात मुलीबाळी आहेत, बाहेरगावच्या मुलीला तो आपल्या घरीच ठेवील.

परतीच्या गाडीवर मी लांजेवारभाऊंना ओरडून सांगितलं. इंजिनावर सारं ओरडूनच सांगावं लागतं.

"भाऊ, जागा मिळाली!"

"कुठी?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"कोनतं स्टेशन?"

"स्टेशन नाई. डोंगरगडाहून बस जाते."

ते माझ्याकडे वळून पाहू लागले. "अबे, मी तुले पोट्टीसाठी कॉलेज शोधाले सांगतलं, अन तू मले जंगल दाखवून राहिला?"

"जंगल कायचं? कॉलेज हाय. प्रिन्सिपल घरी ठेवते म्हनते."

"पास चालते तथी?"

"नाई."

"मंग? पोट्टी आजारी पडली, तार आली, त मी काय करू? लाइनीवर कुठंबी असली त मी कोनत्याबी इंजिनावर उभा राहून जाईन. गार्डाच्या डब्यात बसून जाईन. मले सारे ओळखतेत. तथी मले कोन ओळखते? बसची वाट पाहत झाडाखाली बसू?"

आज मला कळतं, तो बाप बोलत होता. तेव्हा मी तापलो. म्हटलं, "तुमाले कोनी ओळखत नाई म्हनून तिनं शिकू नये का?"

त्यांनी रेग्युलेटर जरा जास्तच ओढला. मी शेगडीत फावडं जरा जास्तच आपटलं. बोलणं बंद.

आता इंजिनावर बोलणं बंद करणंही सोपं नाही. सिग्नल दिसला की तो ड्रायव्हर आणि फायरमन दोघांनी मोठ्यानं म्हणायचा, असा नियम. एकाच्या डोळ्यांची चूक दुसऱ्याच्या डोळ्यांनी सापडावी म्हणून. आउटर म्हणजे स्टेशनाबाहेरचा सिग्नल, होम म्हणजे त्याच्या आतला आणि डाऊन म्हणजे सिग्नलचा हात खाली, वाट मोकळी. त्यामुळे आम्ही भांडलेले दोघे दिवसभर ओरडत होतो. ते "आउटर डाऊन!" म्हणाले की मी "आउटर डाऊन!" ते "होम डाऊन!" की मी "होम डाऊन!" बाकी एक शब्द नाही. डबेही पाठमोरे बसून खायचो. मी हट्टी आणि ते माझ्याहून हट्टी.

घरी आलो की विमल पाणी भरायच्या निमित्तानं नळावर येई. "काका, बाबा काही बोलले का?"

"बोलले ना."

"काय बोलले?"

"होम डाऊन."

ती हसली. मग घागर भरलेली असून तिथंच उभी राहिली. "काका, तुमसरचे लोक पुढच्या बाजाराले येनार हायेत," म्हणाली. "आई साडी काढून राहिली."

मी तिची घागर उचलून दारापर्यंत नेली. पण करू काय? लांजेवारभाऊ हो म्हणेपर्यंत माझं कॉलेज काही कामाचं नव्हतं.

मग दोनच दिवसांनी दुर्गच्या अलीकडे आम्हाला आउटरला उभं केलं. पुढे यार्ड तुडुंब, आमच्या पुढे दोन गाड्या. सिग्नलचा हात आडवा तो आडवाच. उन्हानं इंजिनाचं लोखंड आणि आतली आग, दोन्हीकडून भाजत होतो. ओरडायला 'डाऊन'सुद्धा नव्हतं. लांजेवारभाऊ खिडकीच्या कडेवर कोपर टेकून बाहेर पाहत होते. बाहेर पाहतच म्हणाले, "सकाळी विमल पोट्ट्यांची शाळा घेऊन राहिली होती. पाढे."

मी फावडं बाजूला ठेवलं.

"एक पोट्टं चुकलं. पुन्हा चुकलं. पुन्हा चुकलं. तिनं मारलं नाई. पुन्हा सांगतलं. मी दाराआडून आइकून राहिलो होतो. मी असतो त दोन लावल्या असत्या." त्यांनी फडक्यानं मान पुसली. "मले कोनी असं पुन्हा पुन्हा सांगतलं असतं त..." आणि थांबले.

मी शेगडीचं दार उघडून उगाच आत पाहिलं.

"ती बस कुठून सुटते बे?" त्यांनी विचारलं.

रजा काढून आम्ही तिघं निघालो. लांजेवारभाऊ, विमल आणि मी. लांजेवारभाऊंनी निघतानाच बजावलं, "फक्त पाहाले जाऊन राहिलो. हो म्हटलेलं नाई." डोंगरगडपर्यंत ते राजासारखे होते, प्रत्येक स्टेशनावर सलाम. बसमध्ये बसले आणि पहिल्याच वळणावर चेहरा पांढरा. आयुष्य धावत्या इंजिनावर उभ्यानं काढलेला माणूस, पण बसनं त्यांना पार झोपवलं. दोनदा बस थांबवावी लागली. मध्येच उठून ड्रायव्हरला विचारतात, "भाई, सिग्नल नहीं है तो तुमको आगे का समझता कैसा है?" ड्रायव्हर म्हणाला, "दिखता है न, कका." लांजेवारभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "नुसतं दिसते म्हनून चालवून राहिला हा. देवाचाच भरोसा." विमल खिडकीकडे तोंड करून हसत होती.

गावात पोचलो. खरंच धानाचं कोठार. उंच भिंती, लहान खिडक्या, आत शिरलं की भाताच्या कोंड्याचा वास. बाकं नवी, भिंतींना चुना. मी सवयीनं मागे गेलो. फुटक्या काचनळ्या नव्हत्या, कारण सायन्सच नव्हतं. एक तरुण मास्तर ओट्यावर तीन मुलांना घेऊन काही वाचून दाखवत होता. तास सुटलेला, तरी मुलं उठली नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इथले मास्तर दुपारच्या पॅसेंजरनं जातील कसे? पॅसेंजरच नाही. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी कॉलेजं नापास करत होतो, ती इथे होऊच शकत नव्हती आणि स्टेशन नाही म्हणून मीच या गावाला नाही म्हटलं होतं.

प्रिन्सिपल पन्नाशीचे, अंगावर साधा कुर्ता. लांजेवारभाऊंनी मार्कशीट पुढे केली आणि हात जोडून उभे राहिले. रायपूरच्या बाबूसमोर उभं राहावं तसे. प्रिन्सिपलनी ती पाहिली, घडी करून परत दिली आणि विमलला विचारलं, "बेटी, तुम्हें पढ़ना है या पिताजी को पढ़ाना है?"

विमल म्हणाली, "मुझे पढ़ना है. फिर पढ़ाना है."

"तो नाम लिख लिया." मग त्यांनी लांजेवारभाऊंना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. "अब मेरी सुनिए, भाई साहब. पूरे कॉलेज में लड़की एक ही है, मेरी कमला. अकेली बैठती है. गाँव वाले रोज कहते हैं, इतने लड़कों में अकेली लड़की ठीक नहीं, घर बिठाइए. मैं उसको घर बिठा दूँ तो दूसरों की बेटी किस मुँह से माँगूँ? आपकी बेटी उसके पास बैठेगी तो मेरी भी पढ़ लेगी."

आम्ही मागायला गेलो होतो आणि तोच माणूस आमच्याकडे मागत होता. लांजेवारभाऊंना हे नवं होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पण बापाचं मन, ते विचारतच राहिले. आजारी पडली तर? वैद्य आहे, म्हणाले. नाल्याला पूर आला तर? "तब कोई आता-जाता नहीं. पढ़ाई ज़्यादा होती है." तार? पोस्ट ऑफिस आहे. प्रत्येक उत्तर सरळ मिळत होतं आणि प्रत्येक उत्तरानंतर लांजेवारभाऊ नवा प्रश्न काढत होते. शेवटी प्रश्न संपले. ते उठले. म्हणाले, "घर जाके सोचते हैं. चिट्ठी लिखेंगे."

मी ओळखलं, हे नाही आहे. चिठ्ठी कधीच लिहिली जाणार नव्हती. येत्या बाजाराला तुमसरचे लोक येणार होते.

सामान प्रिन्सिपलच्या घरी ठेवलं होतं. विमलनं हट्ट करून अंथरुणाची वळकटी बरोबर आणली होती, "राहावं लागलं तर" म्हणून. ती लांजेवारभाऊंनी स्वतः आवळून बांधली होती. इंजिनावर सामान बांधायची त्यांची गाठ, ती दुसऱ्याला सुटत नसे. आम्ही आत गेलो तर माजघरात दोन मुली बसलेल्या, एक विमल आणि एक कमला. दोघींच्या मध्ये वळकटीची दोरी सुटून पडलेली. सतरंजी अंथरलेली. कमलेचं बोट तोंडात होतं, गाठ सोडताना नख तुटलं असावं.

विमल उभी राहिली. बापाकडे पाहिलं.

लांजेवारभाऊंनी दोरी उचलली. हातात फिरवली. पुन्हा फिरवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कवडू, हे वळकटी आता मले बांधता येत नाई." आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. प्रिन्सिपलच्या मंडळींनी गरम चीले, आपली तांदळाची धिरडी, आणून पुढे ठेवले, तेव्हा डोळे पुसून खाऊ लागले.

परतीच्या बसमध्ये विमल नव्हती. चरोद्याला आल्यावर जो तो विचारी, "पोरगी कोणत्या स्टेशनाले ठेवली?" लांजेवारभाऊ चिडून म्हणत, "स्टेशन काय विचारता बे? मास्तर कसे हायेत ते विचारा." पुढच्या वर्षी आमच्या लाइनीतल्या दोन मुली तिथे गेल्या.

विमल पुढे मास्तरीण झाली, इथेच कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरातल्या शाळेत. आता तीही रिटायर आहे. कमला आणि ती अजून एकमेकींकडे जातात-येतात. त्या प्रिन्सिपलांना, समारूला, ज्या ज्या अनोळखी मास्तरांनी आमची मधली पोरं मार्क न विचारता आत घेतली, त्या साऱ्यांना मी रोज एकदा मनातून नमस्कार करतो. मी काय केलं? पायी फिरलो. घेतलं त्यांनी. मागे एकाच्या नातवासाठी म्हणून मी त्या कॉलेजात गेलो होतो. कोठार पाडलं आहे. मोठी इमारत, मोठं गेट. गेटवरच्या माणसानं मार्क विचारले आणि म्हणाला, इतक्या मार्कांत इथे फॉर्मसुद्धा मिळत नाही. कॉलेज मोठं झालं याचा आनंद झाला. पण परतीच्या वाटेवर जीव खट्टू होता, ते खोटं कशाला सांगू. नातू मात्र रिकामा राहिला नाही. त्याच्यासाठी आणखी लहान गाव शोधलं.

तुमसरचं सांगायचं राहिलंच. नकार कळवायचा होता आणि लांजेवारभाऊ म्हणाले, "कॉलेज तू शोधलं, तूच जाय." ड्रायव्हरचा हुकूम. मी गेलो. ठवकरांच्या ओसरीवर बसलो. मुलाचा बाप समोर, मुलगा मधू कोपऱ्यात सायकलला तेल घालत बसलेला. मी एका दमात सांगून टाकलं, मुलगी शिकायला गेली, राग मानू नका. आणि आता शिव्या ऐकायच्या म्हणून मान खाली घातली.

ठवकरांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "पोरीले मॅट्रिकले काय भेटलं होतं?"

"थर्ड डिव्हिजन."

"अन तरी बी घेतलं?"

"घेतलं."

त्यांनी आत डोकावून पाहिलं, बायको चुलीजवळ आहे याची खात्री केली आणि माझ्याजवळ सरकले. "आमच्या मधूले बी थर्ड डिव्हिजनच हाय. कॉलेजवाले घेत नाईत म्हनून लगन लावून देत होतो, दुसरं काय करनार? त्याले घेईन का हो कोनी?"

मी मधूकडे वळलो. "काय रे, शिकाचं हाय का तुले?"

तो हातातली तेलाची कुपी खाली ठेवून जवळ आला. आधी बापाकडे पाहिलं, मग मला हळूच विचारलं, "काका, लगन पक्कं मोडलं ना?"

"पक्कं."

"मंग थांबा, मार्कशीट आनतो," म्हणून तो आत पळाला.